मीडियम फॉरमॅट कुठला घ्यायचा, आणि शटरचं जुनं भांडण : पार्श्वभूमी

बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यात पोरं पुन्हा १२० रोलचे, म्हणजे ३५ एमएमपेक्षा मोठी निगेटिव्ह देणारे मीडियम फॉरमॅट कॅमेरे शोधायला लागलीत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, हॅसलब्लॅड का ममिया का ब्रॉनिका. उत्तरासाठी जरा मागं जावं लागतंय, पण फार मागं नको. रोल १९०१ चा, एका अमेरिकन कंपनीनं बॉक्स कॅमेऱ्यासाठी काढलेला, दोन भिंगांचा रोलायफ्लेक्स १९२९ चा, एवढं पुरे.

आपल्याकडं खरी सुरुवात परदेशी मालाच्या टंचाईपासनं. आयातीला लायसन्स, वर ड्यूटी, त्यामुळं घरच्या फोटोंना बडोद्यात बनलेला आगफा क्लिक थ्री, आणि स्टुडिओत याशिका नाहीतर रोलाय, तोही कुणाच्यातरी ओळखीनं आलेला. १९६१ पर्यंत घाटाखाली पोर्तुगीज होते आणि गोव्यात परदेशी वस्तू सर्रास मिळायच्या, म्हणून आमच्या भागातल्या जुन्या कॅमेऱ्याची गोष्ट बऱ्याचदा चोर्ल्याच्या नाहीतर अनमोडच्या घाटात जाऊन थांबते, खरं-खोटं देव जाणे. नंतर आखातात कामाला गेलेल्यांनी आणले. फिल्म मात्र बऱ्याच जणांची ऊटीच्या सरकारी कारखान्यातली 'इंदू'.

स्टुडिओवाल्यांनी १२० एवढी वर्षं धरून ठेवला त्याचं कारण आज लोक सांगतात तसं शार्पनेस एवढंच नव्हतं. निगेटिव्हवर पेन्सिलनं रिटचिंग करायचे. ५६ मिलीमीटरच्या चौकोनात चेहऱ्यावरचे देवीचे व्रण, मुरूम झाकता येतात, ३५ एमएमवर पेन्सिल टेकवणार कुठं? शिवाय एनलार्जर (फोटो मोठा करायचं यंत्र) नसला तरी निगेटिव्ह कागदावर ठेवून तेवढ्याच साइजची कॉन्टॅक्ट प्रिंट निघायची, गिऱ्हाईक खूश.

आता शटर, म्हणजे फिल्मवर उजेड किती वेळ पडू द्यायचा ते ठरवणारी झडप. माझ्या मते सिस्टीम इथंच ठरते, बाकी सगळी चर्चा नंतरची. १९४८ च्या पहिल्या हॅसलब्लॅडमध्ये शटर बॉडीत होतं, पातळ धातूच्या पडद्याचं, १/१६०० सेकंदापर्यंत स्पीड, आणि ते सारखं बिघडायचं. मग १९५७ ला त्यांनी ते काढूनच टाकलं आणि शटर लेन्समध्ये नेऊन बसवलं, तो ५००सी. तिथनं दोन पार्ट्या पडल्या त्या अजून आहेत. १९७० चा ममिया आरबी६७, १९७६ चा ब्रॉनिका ईटीआर, १९८० चा एसक्यू हे लेन्स-शटरवाले, आणि १९६९ चा पेंटॅक्स ६×७, १९७५ चा ममिया ६४५ हे बॉडी-शटरवाले.

यानं फरक काय पडतो ते आपल्या लग्नात बघा की. मुहूर्त दुपारचा, मांडव बाजूनं उघडा, अंतरपाट सरकला की अक्षता आणि हार सगळं काही सेकंदांत उरकतं. पेंटॅक्सला फ्लॅश जास्तीत जास्त १/३० स्पीडपर्यंतच जुळतो, ममिया ६४५ ला १/६० पर्यंत, म्हणजे चेहरा बरोबर आला तरी मागचं ऊन पांढरंफटक आणि हलणाऱ्या हाताला दुहेरी कड. लेन्स-शटरला फ्लॅश कुठल्याही स्पीडला, हॅसलब्लॅड आणि ब्रॉनिकाला १/५०० पर्यंत, आरबीला १/४०० पर्यंत. लग्नाच्या धंद्यात हे शटर लोकांना का हवं होतं ते यावरनं कळतंय. शिवजयंतीच्या रात्रीच्या चित्ररथांना कुठलंही चालतंय, भोवतीनं अंधारच.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही खोटं नाही. प्रत्येक लेन्समध्ये वेगळं शटर म्हणजे प्रत्येक लेन्सला वेगळा खर्च, वेगळी सर्व्हिसिंग, आणि पडून राहिलं की एक सेकंद, अर्धा सेकंद असले हळू स्पीड आधी आळसावतात. बॉडी-शटर असलं की लेन्स उजेडाला मोठी करता येते, ममिया ६४५ ला ८० एमएम एफ १.९ आहे, पेंटॅक्सला १०५ एमएम एफ २.४. ट्रायपॉड लावून घाट, धबधबे काढणाऱ्यांना फ्लॅशचं काय घेणं. तरीपण मी लेन्स-शटरकडंच झुकतो, आणि त्यातही पूर्ण मेकॅनिकल.

कारण दुसरा घोळ बॅटरीचा. ब्रॉनिका ईटीआर, एसक्यू, १९८२ चा ममिया आरझेड, पेंटॅक्स, सगळ्यांना सहा व्होल्टचा सेल लागतो आणि आतलं सर्किट गेलं की दुसरी मेलेली बॉडी शोधून तिचे पार्ट घालणं एवढाच मार्ग. ब्रॉनिकाची कंपनी १९९८ ला लेन्स बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीनं घेतली आणि पुढं काही वर्षांत हे कॅमेरे बंदच केले. आपल्याकडनं रिपेरीला मुंबई नाहीतर बेंगळुरू, पार्सल करून वाट बघायची, तेव्हा वाळलेलं तेल काढून परत चालू होणारा आरबी किंवा हॅसलब्लॅड ५०० परवडतो. आरबी लेन्ससकट अडीच किलोच्या वर, गळ्यात घालून हिंडायचा नाही, हे आधीच सांगतो. आणि ५०० ला लेन्स चढवताना बॉडी आणि लेन्स दोन्ही कॉक केलेलं (स्प्रिंग ताणून तयार) पाहिजे, नाहीतर जाम होतो.

फ्रेमच्या साइजवर लोक फार वाद घालतात. एका रोलला ६×४.५ सेंटीमीटरचे १५-१६, ६×६ चे १२, ६×७ चे १० फोटो, रोलची किंमत बघून ठरवा, झालं.

२००० नंतर डिजिटल आलं आणि स्टुडिओवाल्यांनी हे सगळं कपाटात टाकलं. खानापूर, जांबोटीकडचा पाऊस माहीत आहेच, त्यामुळं तिकडनं आलेल्या लेन्सला टॉर्च लावून बुरशी बघितल्याशिवाय पैसे काढू नका, कॅमेऱ्याच्या आतला फोमही चिकट होऊन गळतो. २०१३ ला हॅसलब्लॅडची ही जुनी लाइन बंद झाली. पुढं फिल्मची हौस परत आली तशा किमती चढल्या. २०२२ ला गोल्ड २०० हा कलर रोल १२० मध्ये आला, तेवढाच दिलासा.

जुना सेट विकणारा हल्ली पोलरॉइड बॅक (कॅमेऱ्याच्या मागं लागणारा, झटपट फोटोच्या फिल्मचा डबा) दाखवून जादा पैसे सांगतो. त्यात बसणारी एफपी-१००सी फिल्म २०१६ लाच बंद झालीय, त्यामुळं त्या बॅकचे पैसे वजा करून बोला, आणि त्याऐवजी १२० ची दुसरी बॅक मिळते का विचारा.