आवेग, व्यसन की म्हातारचळ?

कंपवातावरचं (पार्किन्सन्स) लेव्होडोपा हे औषध १९६०च्या दशकाअखेर वापरात आलं आणि पुढच्या काही वर्षांतच काही रुग्णांची कामेच्छा एकाएकी वाढल्याच्या नोंदी झाल्या. खुर्चीला खिळलेला माणूस हिंडूफिरू लागला की इच्छाही परतणारच, असाही त्यांचा अर्थ लावला गेला.

विषय ऐरणीवर आला तो मेंदूतल्या डोपामिन या रसायनाची नक्कल करणाऱ्या, डोपामिन अ‍ॅगोनिस्ट गटातल्या नव्या गोळ्यांमुळे. प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल यांना अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली. लेव्होडोपाने पुढे अंग आपोआप वळवळू लागतं, म्हणून तरुण रुग्णांना आधी या गोळ्या देण्याकडे कल झुकला. नेमके तेच अशा अनावर वर्तनाच्या जास्त धोक्यात होते. २००५ मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णालयाने जुगाराच्या नादी लागलेल्या ११ रुग्णांची माहिती छापली; त्यांतले ९ प्रॅमिपेक्सोलवर होते. २०१० च्या ३,०९० रुग्णांच्या पाहणीत अ‍ॅगोनिस्ट घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्क्यांत, न घेणाऱ्यांपैकी ६.९ टक्क्यांत जुगारासारखं अनावर वर्तन आढळलं. मान्यतेपासून इथवर तेरा वर्षं गेली. एवढी का, हे विचारायलाच हवं.

नावाचा घोळ मात्र अजून मिटलेला नाही. जुगार, अतिकामुकता, बेसुमार खरेदी आणि खा-खा या चौघांना ‘आवेग नियंत्रणाचे विकार’ म्हणतात. अमेरिकी मानसोपचाराच्या वर्गीकरणात यांपैकी फक्त जुगारच त्या कप्प्यात होता, चोरीच्या आणि आगी लावण्याच्या विकृतींशेजारी. २०१३ मध्ये तोही व्यसनांच्या कप्प्यात गेला. कंपवाताच्या लिखाणात जुनंच नाव राहिलं. मुळात आवेग म्हणजे क्षणाची उबळ. इथे माणूस बेत आखतो, कर्ज काढतो, पासबुक लपवतो. त्याला उबळ कसं म्हणायचं? शिवाय वस्तू तासन्‌तास उगाच लावत, खोलत बसणं, म्हणजे ‘पंडिंग’, हे वेगळं मोजतात. तो शब्द स्वीडनमधल्या अ‍ॅम्फेटामिन घेणाऱ्यांच्या बोलीतून आला. लेव्होडोपाचेच जास्त डोस मागत राहणं, हे आणखी निराळं.

आपल्याकडे या सगळ्यावर एकच तयार शब्द आहे: म्हातारचळ. तो वापरला की दोष माणसाच्या वयाला आणि चारित्र्याला चिकटतो, गोळीपर्यंत पोचतच नाही. घरचे लाजेने सांगत नाहीत आणि तपासणीत हात किती थरथरतो एवढंच पाहिलं जातं.

अ‍ॅगोनिस्ट कमी केलं की बहुतेकांचं वर्तन निवळतं. पण २०१० मध्येच आणखी एक गोष्ट नोंदली गेली: ती गोळी कमी किंवा बंद करताना काहींना तीव्र घालमेल, घाम आणि खिन्नता येते आणि लेव्होडोपा वाढवूनही ती हटत नाही.