डेस्कटॉपवरची चांगली सोशल मीडिया ॲप्स गेली कुठे?

कोल्हापूरच्या गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, एखाद्या पेढीवर आज एकाच कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲपचे दोन नंबर, इन्स्टाग्राम आणि फेसबुक पेज उघडे असते. साजाची (गळ्यातल्या दागिन्याची) चौकशी यातल्या कुठल्याही खिडकीत येऊन पडते. हे सगळे एका ॲपमध्ये दिसावे ही मागणी जुनीच, आणि काही वर्षे ती बऱ्यापैकी पुरीही होत होती.

चॅटपुरते पाहिले तर पिजिन या ॲपमध्ये वेगवेगळ्या सेवांची खाती एकत्र चालत. फेसबुक चॅटही २०१० पासून त्यात जोडता येई. २०१५ मध्ये ती सोय गेली. खरी चैन होती ट्विटरवर. २००८ मध्ये आलेल्या ट्वीटडेकमध्ये शेजारी शेजारी कॉलम लावता येत. २०१९ च्या महापुरातही ते फुकट होते: पंचगंगेची पातळी जिथे मोजतात त्या 'राजाराम बंधारा'चा शोध-कॉलम लावून ठेवला की ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी यांबद्दलचे प्रत्येक ट्वीट पान रिफ्रेश न करता समोर येई.

घसरण मात्र त्याच्या बरीच आधी सुरू झाली होती. ऑगस्ट २०१२ मध्ये ट्विटरने बाहेरच्या ॲप्सना एक लाख वापरकर्त्यांची मर्यादा घातली. ज्यांच्याकडे आधीच त्याहून जास्त लोक होते, त्यांना त्या वेळच्या आकड्याच्या दुपटीपर्यंत मुभा. मेख होती टोकनमध्ये, म्हणजे जोडणीच्या परवान्यात. खाते ॲपला जोडले की एक टोकन खर्ची पडे. ॲप काढून टाकले तरी खात्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन परवानगी मागे घेईपर्यंत ते अडकलेलेच, आणि तेवढे कोण करतो? त्यामुळे फुकट चाचणी आवृत्ती देणे म्हणजे भांडवल वाटून टाकणे झाले. मॅकवर ट्विटर चालवणारे ट्वीटबॉट त्याच वर्षी २० डॉलरला आले. अँड्रॉइडवरच्या तशाच फाल्कन प्रोने मर्यादा गाठल्यावर नवे गिऱ्हाईक येऊच नये म्हणून किंमत १३० डॉलरच्या वर नेली.

कंपनीच्या बाजूने बोलणारे म्हणत, जाहिराती आमच्याच ॲपमध्ये दिसल्या नाहीत तर सेवा चालणार कशी? मुद्दा खोटा नाही. पण जाहिराती फीडमधूनच पाठवून त्या दाखवण्याची अट घालता आली असती. तसे न करता वाढच रोखली, आणि ज्यांची वाढ थांबली त्यांना सुधारणांवर खर्च करण्यात राम उरला नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये या ॲप्सचा थेट प्रवाह बंद झाला, टाइमलाइन तत्क्षणी सरकेना. जानेवारी २०२३ मध्ये ही ॲप्सच एका रात्रीत तोडली गेली; बंदीचा नियम कागदावर आला नंतर काही दिवसांनी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ट्विटरचे स्वतःचे ट्वीटडेकही पैसे भरणाऱ्यांपुरते उरले.

आता 'एकात सगळे' म्हणून जे मिळते, रॅमबॉक्स किंवा फर्डियम, ते आतून ब्राउझरच. प्रत्येक सेवा स्वतंत्र वेबपान म्हणून चालते आणि स्वतंत्र मेमरी खाते. चार जीबी रॅमच्या मशीनवर पाच सेवा टाकल्या की टॅलीसुद्धा रखडते. न वापरत्या सेवेला हायबरनेट लावावे, म्हणजे ती झोपते आणि मेमरी सोडते. 'क्रोम अपडेट करा' असा व्हॉट्सॲपचा संदेश या ॲपमध्ये दिसला तर दोष क्रोमचा नसतो. ॲपच्या आतले ब्राउझर इंजिन जुने झालेले असते. ॲपच अपडेट करावे लागते.

व्हॉट्सॲपच्या दोन नंबरांसाठी वेगळे ॲप हवेच असेही नाही. क्रोममध्ये प्रत्येक नंबरसाठी वेगळे प्रोफाइल करा, त्यात व्हॉट्सॲप वेब उघडा आणि तीन टिंबांच्या मेन्यूतून पान ॲप म्हणून इन्स्टॉल करा. कुकीज (लॉगिनच्या नोंदी) वेगळ्या राहतात, म्हणून दोन्ही नंबर एकाच वेळी चालतात. प्रत्येक प्रोफाइल मात्र एक जोडलेले उपकरण धरले जाते. एका नंबरला अशी चारच मिळतात. मुख्य फोनवरचे व्हॉट्सॲप १४ दिवस उघडले नाही तर सगळी सुटतात, तेव्हा दुकानाचा फोन गल्ल्यात बंद पडून राहू देऊ नये.

मूळ कंपन्यांची स्वतःची ॲप्सही त्याच वाटेवर आहेत. विंडोजसाठी २०२२ मध्ये खास बांधलेले व्हॉट्सॲप २०२५ मध्ये पुन्हा वेबपानाच्या वेष्टनावर आणले गेले, आणि त्या डिसेंबरमध्ये मेसेंजरचे डेस्कटॉप ॲप बंदच झाले.