वाहणारा वारा आणि लागणारा वारा: परतीच्या वाटेवर फसवणारा फरक

"जाताना वाराच नव्हता हो, परत फिरलो आणि एकदम सुटला." गोव्याच्या किनाऱ्याने शिडाच्या छोट्या होडीतून बेटं करणाऱ्यांकडून हे वाक्य दर मोसमात ऐकू येतं. बहुतेक वेळा वारा सुटलेला नसतोच. दुपारपासून तो तेवढाच वाहत असतो, फक्त होडीने तोंड फिरवलेलं असतं. एवढ्या गैरसमजातून शिडं फाटतात, बूम (शिडाच्या खालची आडवी काठी) डोक्यात बसतो आणि नवखी माणसं कायमची घाबरून शीड सोडतात, म्हणून हा फरक एकदा नीट मांडायला हवा.

वाहणारा वारा, म्हणजे ट्रू विंड, तुम्हाला ठाऊक आहेच. हवामान खातं, इंकॉइस (समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था) आणि फोनवरची ॲप सांगतात तो हाच. उत्तरेचा वारा म्हणजे उत्तरेकडून येणारा. अंदाज किलोमीटरमध्ये असेल तर १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, म्हणजे २८ किलोमीटर ताशी हे १५ नॉट झाले. पहाटे जमिनीवरून मतलई, दुपारी समुद्रावरून खारे वारे, हे शाळेतच शिकून झालंय. यात कोणी फसत नाही.

फसतात ते लागणाऱ्या वाऱ्यात, ज्याला शिडाच्या होडीवर अपॅरंट विंड म्हणतात. हवा स्तब्ध असताना स्कूटरवर बसलात तरी तोंडावर वारा लागतो. तो तुमच्या वेगाने तयार केलेला असतो. होडीवर हा स्वतःचा वारा आणि वाहणारा वारा एकमेकांत मिसळतात, आणि गालाला, शिडाला, डोलकाठीच्या टोकावरच्या बाणाला जो कळतो तो दोन्हींचा मिळून झालेला वारा. होडी चालती असेपर्यंत वाहणारा वारा तुम्हाला थेट कधीच जाणवत नाही. हे वाक्य लोक मान डोलावून ऐकतात आणि पुढच्याच फेरीत विसरतात.

आता आकडे घ्या. वाहणारा वारा १५ नॉट, होडीचा वेग ५ नॉट. वारा थेट पाठीशी असेल तर लागतो फक्त १०. वारा काटकोनात बाजूने असेल तर लागतो जवळपास १६, आणि तो ९० अंशांऐवजी सुमारे ७२ अंशांवरून, म्हणजे थोडा पुढून आल्यासारखा. तीच होडी वाऱ्याशी ४५ अंश ठेवून वर, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, चढवली, तर लागतो जवळजवळ १९ नॉट, आणि तो ३४ अंशांवरून. समुद्र तोच, वारा तोच, १० चे १९ झाले. शिडावरचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे जोर दुप्पट होत नाही, साडेतीन पटींहून जास्त होतो. जाताना आरामात झेपलेलं पूर्ण शीड परतताना होडीला आडवं पाडू पाहतं ते यामुळे.

गोव्यात हा घोळ जास्त होतो, त्याला भूगोल जबाबदार आहे. आग्वादहून पाळोळेचा रस्ता साधारण ३२ सागरी मैलांचा आणि जवळपास आग्नेयेकडे आहे. मोसमात, म्हणजे ऑक्टोबर ते मे, दुपारचा खारा वारा वायव्येकडून येतो आणि एप्रिल-मेमध्ये तो चांगलाच कडक असतो. म्हणजे मांडवीच्या मुखातून निघून ग्रँड बेट, तिथून काब द रामचं टोक आणि पुढे पाळोळे, हा सगळा प्रवास वारा पाठीशी घेऊन होतो. डेकवर उकडतं, लोक शर्ट काढून बसतात आणि "आज वारा मरगळलाय" म्हणत असलेलं सगळं कापड वर चढवतात. परतीची वाट मात्र थेट वाऱ्याच्या तोंडात. त्यात मुक्काम काणकोण बेटाच्या किंवा ग्रँड बेटाच्या आडोशाला असतो, तिथे निघतानाही वारा कमीच जाणवतो. बेटाचं टोक ओलांडलं की पहिल्या मिनिटात सगळा हिशेब एकदम चुकता होतो. (अंजदीव नौदलाच्या ताब्यात आहे, त्याचा बेत करू नका. आणि जून ते सप्टेंबर छोटी होडी उघड्या समुद्रात काढायचीच नाही, त्यावर चर्चाही नको.)

म्हणून वारा पाठीशी असताना गालावर विश्वास ठेवू नका. वारा थेट मागून असेल तर साधी बेरीज करा: लागणारा अधिक होडीचा वेग म्हणजे वाहणारा. जोर जाणवतोय ८ नॉटचा आणि जीपीएसवर वेग ५, तर वारा १३ चा आहे, आणि तोंड फिरवल्यावर तो १७ च्या आसपास लागणार. मीटर नसेल तर पाण्याकडे बघा, कारण लाटांना तुमच्या होडीचा वेग माहीत नसतो. कुठेकुठे तुरळक पांढरा फेस म्हणजे ७ ते १० नॉट, बऱ्यापैकी वारंवार फेस म्हणजे ११ ते १६, जिकडे बघाल तिकडे फेस म्हणजे १७ च्या वर. किनाऱ्यावरचे झेंडेही खरं बोलतात. नांगरलेल्या ट्रॉलरवरचा झेंडाही चालेल, पण ट्रॉलरची नाळ, म्हणजे पुढचं टोक, कुठे आहे यावरून वारा ठरवू नका. मांडवी आणि झुवारीच्या मुखाशी नांगरलेली बोट पुष्कळदा वाऱ्याऐवजी ओहोटीच्या ओढीला तोंड करून उभी असते.

शीड कधी कमी करायचं, हा खरा कळीचा मुद्दा. २२ ते २५ फुटी होडी वर चढताना साधारण १५-१६ नॉट लागणाऱ्या वाऱ्यापर्यंत पूर्ण मेन (मुख्य) शीड झेपवते. होडीगणिक एक-दोन नॉट इकडेतिकडे. त्यापुढे पहिला रीफ, म्हणजे शीड थोडं खाली उतरवून लहान करणं. पण वारा पाठीशी असताना मेन शीड डोलकाठीच्या बाजूच्या तारांवर दाबलेलं असतं, ते खाली उतरत नाही, ओढलं तर शिवण उसवते. रीफ घ्यायला होडी वाऱ्याकडे वळवावीच लागते, आणि वळल्यावरच वारा दुप्पट लागतो. म्हणजे गरज कळते तेव्हा उशीर झालेला असतो. यावर एकच उपाय आम्हाला पटतो: परतीचा रीफ आडोशातच, नांगर काढण्याआधी. क्रम असा: मेनशीट (बूम आवरणारी दोरी) सैल सोडा, हॅलयार्ड (शीड वर चढवणारी दोरी) खुणेपर्यंत खाली सोडा, शिडाची पुढची कडी हुकात अडकवा, हॅलयार्ड पुन्हा घट्ट ताणा, मग मागच्या कोपऱ्याची रीफ दोरी बूमला चिकटेपर्यंत ओढा. मधल्या गाठी कापड गोळा करण्यापुरत्या, सैल. त्यांच्यावर ताण आला तर शीड तिथेच फाटतं. बाहेर पडल्यावर रीफ जास्त वाटला तर सोडायला दोन मिनिटं लागतात. उलटं करणं फार अवघड.

दुसरी फसगत टॅक मारताना, म्हणजे नाळ वाऱ्यातून फिरवून वारा दुसऱ्या बाजूला घेताना. वर चढताना बाण ३४-३५ अंश दाखवतो, म्हणून लोक दुप्पट करून समजतात की टॅक मारल्यावर होडी ७० अंश वळेल. ती वळते ९० च्या पुढे, कारण कोन वाहणाऱ्या वाऱ्याशी मोजायचा असतो, आणि छोटी होडी शिवाय थोडी बाजूला सरकतेही. मुरगावचं टोक ओलांडायचं असेल तर ते बरोबर काटकोनात दिसल्यावरही थोडं पुढे जा, मगच टॅक मारा. बाणावर विसंबलात तर टोकाच्या खालीच अडकाल.

झुळूक मंदावली तरी असंच होतं. वारा पडतो, होडीचा वेग काही सेकंद टिकतो, त्यामुळे लागणारा वारा पुढे सरकतो आणि जिब (पुढचं छोटं शीड) फडफडतं. दिशा बदलली समजून टॅक मारू नका. फडफडताना वाऱ्याचा जोरही कमी झाला असेल तर ती नुसती मंदी आहे, चार-पाच सेकंद थांबा. जोर तेवढाच असेल तरच वारा फिरलाय.

वारा पाठीशी असताना लाटेवरून होडी घसरली की वेग ५ वरून ७ होतो, लागणारा वारा १५ उणे ७, म्हणजे ८ वर येतो, बूम लुळा पडतो आणि लाटेच्या तळाशी पुन्हा झटक्याने भरतो. त्या क्षणी सुकाणू थोडं चुकलं की बूम पलीकडे आदळतो. बूमच्या टोकापासून नाळेपर्यंत दोरी बांधून ठेवा, आणि थेट पाठीवर वारा घेण्यापेक्षा २०-२५ अंश तिरकं चाला. वाट थोडी लांबते, डोकी शाबूत राहतात.

परतीसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी पहाटेचा मतलई वारा धरणं सर्वांत शहाणपणाचं. तो पूर्वेकडून, म्हणजे होडीच्या बाजूने येतो. ६ नॉटचा असला आणि होडी साडेतीनने चालली तरी शिडाला ७ लागतो. चारच्या सुमारास निघालात तर दहापर्यंत २० मैल पदरात पडतात, उरलेलं इंजिनने. मात्र जाळ्यांचे बोये अंधारात दिसत नाहीत, तेव्हा पुढे टॉर्च घेऊन एक माणूस बसवाच.

महागडं मीटर असलेल्यांसाठी शेवटचं. ट्रू विंडचा आकडा मीटर मोजत नाही, तो हिशेबाने काढतं, आणि त्यासाठी पाण्याखालच्या चक्राकडून होडीचा वेग घेतं. इथल्या कोमट पाण्यात त्या चक्रावर शेवाळ आणि शिंपले फार लवकर धरतात. चक्र अडकलं की मीटर वेग शून्य मानतं आणि लागणारा वाराच वाहणारा म्हणून दाखवतं. निघण्याआधी चक्र बोटाने फिरवून बघा.