ऊसतोड कामगारांचा मालक कोण? एका न सुटलेल्या वादाची पार्श्वभूमी

जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या ऊसतोडणीच्या मजुरीत ३४ टक्के वाढ झाली. टनामागे मिळणारे २७३ रुपये ३६६ वर गेले, टोळी जमवणाऱ्या कंत्राटदाराचं, म्हणजे मुकादमाचं, कमिशन १९ टक्क्यांवरून २० झालं. त्याआधी २०२० मध्ये १४ टक्के वाढ मिळाली होती. दोन्ही वेळा ‘कोयता बंद’ची, म्हणजे तोडणीच्या संपाची, हाक दिली गेली, दोन्ही वेळा चर्चा लांबली आणि शेवटी दोन नेत्यांच्या लवादाने आकडा जाहीर केला. त्यामुळे संघटनेने काहीच मिळवलं नाही असं कुणाला म्हणता येणार नाही. पण एवढे करार होऊनही या मजुरांना भविष्य निर्वाह निधी नाही, बाळंतपणाची पगारी रजा नाही आणि हंगामात पाय मोडला तर भरपाई कुणाकडे मागायची हेही ठरलेलं नाही. या लढ्याला बाहेरून मदत करू पाहणाऱ्यांनी आधी हे असं का झालं ते समजून घ्यायला हवं.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठावर सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली, मग ती पश्चिम महाराष्ट्रभर पसरली. १९७२ च्या दुष्काळानंतर बीड, पाथर्डी, जालना, परभणी या पट्ट्यातून तोडणीला जाणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. खानदेश आणि डांगच्या आदिवासी भागातून टोळ्या दक्षिण गुजरातेत जाऊ लागल्या. साधारण दसऱ्या-दिवाळीला गाव सोडायचं आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परतायचं, हे चक्र तेव्हापासून चालू आहे.

खरा गुंता पैशाच्या वाटेत आहे. कारखाना मजुराशी करार करत नाही. तो करार करतो वाहनमालकाशी किंवा तोडणी-वाहतुकीसाठी काढलेल्या वेगळ्या संस्थेमार्फत. वाहनमालक मुकादमाला पैसे देतो आणि मुकादम गावातल्या जोडप्यांना उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या हातात पडते, हिशेबही त्याच्याच नावावर. बाई पहाटेपासून ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते, आणि कागदावर ती कुठेच नसते. एक दिवस काम चुकलं तर खाडा, म्हणजे दंड, कापला जातो, तो मात्र दोघांच्या कमाईतून. हंगामाअखेर बाकी निघाली की पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं.

कारखाने म्हणतात, आमचा मजुराशी संबंध नाही, कंत्राटदाराला विचारा. मुकादम म्हणतो, मीही गावातलाच, माझ्याच डोक्यावर कर्ज आहे. आणि त्यात तथ्य आहे. वाहनमालकांचंही म्हणणं आहे की उचल घेऊन टोळी आलीच नाही, लाखो रुपये बुडाले. अशा फसवणुकीच्या तक्रारी पोलिसांत सतत दाखल होतात. शिवाय तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतून, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान भावातून, वजा होतो. म्हणजे मजुरी वाढली की ऊस उत्पादकाच्या हातात कमी पडतं, आणि शेतकरी संघटना व मजूर संघटना समोरासमोर येतात. साखर विकून पैसा मिळवणारा कारखाना मात्र या भांडणात बाजूला उभा राहतो.

कायदे आहेत. वेठबिगारी निर्मूलनाचा १९७६ चा. कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा २०२५ पर्यंत लागू होता. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा आला तोही राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी. बीडहून बेळगावच्या कारखान्यावर गेलेली टोळी त्या कायद्यात बसत होती, बीडहून कोल्हापूरला गेलेली बसत नव्हती. काम तेच, उचल तीच, खाडाही तोच.

अशा परिस्थितीत लवादाचा मार्ग निघाला, आणि त्याबद्दल चळवळीतच दोन तट आहेत. बाजूने बोलणारे सांगतात की विखुरलेल्या, कर्जात अडकलेल्या मजुरांना साखर सम्राटांसमोर बसवणं हेच मोठं काम होतं. मजुरांच्या जिल्ह्यातून पुढे आलेलं वजनदार नेतृत्व नसतं तर कारखान्यांनी दारही उघडलं नसतं. हे खरं आहे. विरोधातलं म्हणणंही तितकंच ठोस आहे: लवाद करणाऱ्यांचेच साखर कारखानदारीशी जुने संबंध, चर्चेत बायका जवळपास दिसत नाहीत, आणि बोलणं दर व कमिशन यांच्यापुढे सरकत नाही. गुजरातमध्ये तोडणीचा दर सरकार किमान वेतन म्हणून जाहीर करतं. तो २३८ रुपयांवरून दुप्पट होऊन टनाला ४७६ झाला. तिथली उचल व्याजाने दिली जाते, बाकीची पिळवणूक कमी नाही, तरी जाहीर दराखाली मजुरी दिली तर कामगार अधिकाऱ्याकडे जाता येतं. लवादाचा दर पाळला नाही तर आपल्याकडे टोळीने कुणाच्या दारात जायचं? माझं मत दुसऱ्या तटाकडे झुकतं. लवादाने दर वाढवला, पण मालक ठरवण्याचा प्रश्न दर वेळी पुढच्या हंगामावर ढकलला.

बाहेरच्या मदतीचा इतिहासही याच प्रश्नापाशी अडतो. १९९० च्या दशकात स्वयंसेवी संस्थांनी ऊसतोडणीच्या फडाजवळ मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा चालवल्या. मुलं शिकली, पण त्यातून मजुरांची संघटना उभी राहिली नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर भर गावातल्या हंगामी वसतिगृहांवर गेला. २०१९ मध्ये बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी आली. शासकीय समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. खाडा, पाळी, कोपीजवळ (मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीजवळ) नसलेलं न्हाणीघर, हे सगळं पहिल्यांदा बायका स्वतः माईकवर बोलल्या. माझ्या मते गेल्या तीस वर्षांतलं सर्वांत महत्त्वाचं वळण हेच. आरोग्य कार्यकर्त्यांनी आकडे गोळा केले, वकील आणि पत्रकार पाठीशी राहिले, आणि त्यातून ऊसतोड महिलांचे स्वतःचे गट उभे राहिले.

२०२० च्या टाळेबंदीत लाखाहून अधिक मजूर कारखान्यांच्या परिसरात अडकले तेव्हा ही कुणाची माणसं आहेत याची यादी शासनाकडे धड नव्हती. त्यानंतर ग्रामसेवकांमार्फत नोंदणी आणि ओळखपत्रं, गाळपावर टनामागे १० रुपये घेऊन कल्याण महामंडळाला निधी, असे निर्णय झाले. दुसरीकडे तोडणी यंत्रांना अनुदानही सुरू झालं. आणि २०२४ मध्ये एका परदेशी वृत्तपत्राच्या तपासामुळे मोठ्या शीतपेय कंपन्यांच्या साखरेचा माग थेट या फडांपर्यंत लागला.

या सगळ्यातून समर्थकांचं काम बरंच स्पष्ट होतं. टोळी कारखान्यावर पोचली, उचल खर्च झाली, की संपाची ताकद निम्म्यावर येते. जोर असतो तो गाव सोडण्याआधीच्या चार-सहा आठवड्यांत. तेव्हा रेशन आणि दवाखान्याच्या खर्चाची सोय गावातच झाली तर घरं कोयता खाली ठेवून थांबू शकतात. उचलीच्या स्टँप पेपरची प्रत मजुराकडे राहील हे पाहणं, वजनपावतीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायला शिकवणं, बायकोचं नाव वेगळ्या ओळीत नोंदवून घेण्यासाठी ग्रामपंचायतीत बसणं, ही कामं साधी वाटतात. पण कोणत्या कारखान्यासाठी किती टन ऊस तोडला हे दाखवणारा कागद असेल तरच कामगार न्यायालयात मालक कोण हे सिद्ध करता येतं. कारखान्याच्या गावातल्या लोकांनी फडावर जाऊन पाणी, वीज, संडास यांची पाहणी करून ती संघटनेच्या हाती द्यावी. मागण्या मांडायला मात्र फडावरच्या बायकाच पुढे असाव्यात. शहरातल्या ग्राहकांनी साखर वापरणाऱ्या कंपन्यांना प्रश्न विचारावेत. आणि ऊस उत्पादकांशी बोलणं टाळू नये, कारण तोडणीचा खर्च एफआरपीतून न कापता कारखान्याने सोसावा ही मागणी दोघांना मिळून करता येते.

प्रघाताप्रमाणे दर तीन वर्षांनी नवा करार होतो. पुढच्या बोलणीसाठी महिला गटांच्या मागण्या तयार आहेत: प्रत्येक बाईचा स्वतंत्र हिशेब आणि तिच्याच खात्यात मजुरी, खाडा बंद, पाळीत आणि बाळंतपणात रजा, आणि करारावर मजुराचा मालक म्हणून कारखान्याची सही.