माउस येण्याआधीचे प्रोग्रॅमर

दृष्टिहीन मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं म्हटलं की आज नवं काही करतोय असं वाटतं. प्रत्यक्षात अमेरिकेत १९६०च्या दशकातच अंध प्रोग्रॅमर नोकऱ्या करत होते, आणि एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेने त्यांच्यासाठी समितीही नेमली होती. संगणकाचा मजकूर ब्रेलमध्ये छापायला वेगळं यंत्र सहसा हाताशी नसे, म्हणून टाइप आपटून ओळी छापणाऱ्या लाइन प्रिंटरच्या कागदामागे रबराची पट्टी लावायची आणि पूर्णविरामाचा टिंब आपटत न्यायचा. कागदाच्या पाठीमागे ठिपके उठत. पाठीमागून वाचायचं असल्याने मजकूर अर्थातच उलटा छापावा लागे. जुगाडच, पण कामाचा!

पुढे डॉसच्या, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञांवर चालणाऱ्या जुन्या संगणकप्रणालीच्या काळातही फारसं अडलं नाही. पडद्यावर अक्षरंच असत आणि ती संगणकाच्या मेमरीत अक्षरं म्हणूनच साठवलेली असत. स्क्रीन रीडर या प्रोग्रॅमने ती उचलायची आणि बोलून दाखवायची. टेड हेंटर हा मोटरसायकल शर्यतींत उतरणारा माणूस. १९७८च्या अपघातात त्याची दृष्टी गेली, मग तो प्रोग्रॅमिंग शिकला. त्याच्या कंपनीचा ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर १९८९ मध्ये डॉससाठी आला.

घोळ झाला तो चित्रांमुळे. मॅकिंटॉश (१९८४) आणि पाठोपाठ विंडोज यांनी पडद्यावर खिडक्या, चिन्हं आणि माउसचा बाण आणला. डोळस लोकांना संगणक सोपा झाला, पण स्क्रीन रीडरच्या हाती अक्षरांऐवजी नुसते रंगीत ठिपके उरले. बटण कुठे आहे, त्यावर काय लिहिलंय, हे खटपटी करून ओळखावं लागे. विंडोजसाठीचा ‘जॉज’ यायला १९९५ उजाडलं, आणि तो महाग होता. भारतातल्या शाळांच्या दृष्टीने जास्त मोलाची घटना २००६ची: मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने एनव्हीडीए हा फुकट स्क्रीन रीडर लिहायला घेतला.

तोवर वर्गातली साधनं बदलू लागली होती. २००७ मध्ये एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाचं ‘स्क्रॅच’ खुलं झालं. रंगीत ठोकळे माउसने ओढून एकमेकांत अडकवायचे, की झाला प्रोग्रॅम. लहान मुलांना प्रोग्रॅमिंगची गोडी लावणारं इतकं चांगलं साधन क्वचितच झालं असेल, आणि अंध मुलाला पहिल्याच तासाला बाहेर बसवणारंही! पूर्वी अडचण पुढे नोकरीत यायची, आता ती श्रीगणेशालाच आली.

यावर दोन वाटा निघाल्या. अँड्रियास स्टेफिक या अमेरिकी संगणक-संशोधकांनी ‘क्वोरम’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा घडवली. कंस आणि अर्धविरामांची रांग कानाने ऐकणं म्हणजे शिक्षाच, म्हणून ती कमी केली आणि कोणता शब्द नवशिक्याला कळतो हे प्रयोगांनी तपासलं. २०११च्या अशाच एका प्रयोगात, पर्ल भाषेत लिहिणारे नवशिके यादृच्छिक चिन्हांनी बनवलेल्या भाषेत लिहिणाऱ्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. म्हणजे अवघड जायला डोळे नसणं हेच एक कारण नव्हतं. दुसरी वाट मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या संशोधकांची: प्लास्टिकचे डबे वायरींनी जोडायचे, बटणं फिरवायची, की गाणं किंवा गोष्ट वाजते. हा संच २०१९ मध्ये ‘कोड जम्पर’ नावाने अमेरिकेतल्या अंधांसाठीच्या छापखान्याकडे, म्हणजे अमेरिकन प्रिंटिंग हाउसकडे सोपवला गेला.

आपल्याकडे गाडी आधी परवानगीपाशीच अडे. दिल्लीच्या कार्तिक साहनी या अंध मुलाला दहावीनंतर विज्ञान घेण्यासाठी सीबीएसईशी झगडावं लागलं. त्याने बारावीला ९६ टक्के मिळवले आणि संगणकशास्त्र शिकायला तो स्टॅनफर्डला गेला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि सर्वसमावेशक शिक्षण शासनाची जबाबदारी ठरवली.

मराठीत मात्र आणखी एक गाठ आहे. एनव्हीडीएसोबत येणारा ई-स्पीक हा आवाज मराठी वाचतो, पण युनिकोडमधली, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीतली. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते. आत असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, आणि स्क्रीन रीडर इमानेइतबारे तीच वाचून दाखवतो.