कार्बोहायड्रेट आणि टाइप टू डायबेटिस

कार्बोहायड्रेट, म्हणजे बोलताना कार्ब्स, हा भात, पोळी, पाव, पोहे, बटाटा, फळं, साखर यातला पिठूळ किंवा गोड भाग. पोटात गेल्यावर त्याचं ग्लुकोज होऊन ते रक्तात उतरतं, मग स्वादुपिंड इन्शुलिन सोडतं आणि ग्लुकोज पेशींमध्ये शिरतं. टाइप टूमध्ये पेशी इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत, पुढे पुढे स्वादुपिंडही दमतं, आणि जेवणानंतर चढलेली शुगर लवकर उतरत नाही. प्रोटीन आणि फॅटने ती एवढी पटकन चढत नाही म्हणून पथ्याचा सगळा रोख कार्ब्सवर.

मुंबईत हमखास ऐकू येतं ते "मी तर गोड खातच नाही". चहा बिनसाखरेचा असतो हो, पण सोबतचा वडापाव म्हणजे मैद्याच्या पावात बटाटा, वर बेसनाचं कव्हर आणि हा सगळा ऐवज स्टेशनवर गाडी यायच्या आत उभ्याउभ्या संपलेला. रक्ताला चवीशी देणंघेणं नसतं. गुळाचंही तेच, तो बहुतेक साखरच आहे.

उपवासाचा दिवस तर वेगळंच प्रकरण. साबुदाणा हा कंदातून काढलेला जवळपास निव्वळ स्टार्च, फायबर नावालाच, त्यामुळे एकादशीला सकाळी खिचडी आणि रात्री रताळं असलं की शुगर रोजच्यापेक्षा जास्त निघू शकते. उलट ग्लिमेपिराइडसारखी, स्वादुपिंडाला जास्त इन्शुलिन सोडायला लावणारी गोळी घेऊन कोणी काहीच खाल्लं नाही तर शुगर ७० mg/dL च्या खाली जाऊन घाम, थरथर सुरू होऊ शकते आणि तेव्हा साधारण १५ ग्रॅम साखर ताबडतोब लागते.

कुठला पदार्थ शुगर किती चढवतो याचं माप म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स, टोरंटोच्या डेव्हिड जेनकिन्स यांनी १९८१ मध्ये मांडलेलं, ग्लुकोजला १०० धरून. पण आकडा पदार्थाच्या नावाला चिकटलेला नसतो. नाचणी चांगली म्हणून बारीक सत्त्वाची पातळ पेज पितात, ती भाकरीपेक्षा लवकर रक्तात उतरते. आधी कोशिंबीर, उसळ आणि मग भात असा क्रम ठेवला तरी चढ कमी होतो, जेवून थोडं चाललं तर अजून.

एचबीएवनसी ही रक्ततपासणी साधारण दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवते, म्हणजे रिपोर्टआधी चार दिवस भात सोडून फार काही साधत नाही. जेवणानंतरची शुगर मात्र पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजायची, बरेच जण हात धुतल्यापासून मोजतात.