व्यवस्थापित क्लस्टरवरील डिप्लॉयमेंट

कंटेनरमध्ये (चालायला लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसह एका खोक्यात) बांधलेले ॲप्लिकेशन क्लाउड कंपनी सांभाळत असलेल्या कुबरनेटीस क्लस्टरवर चढवण्याची पद्धत. कुबरनेटीस म्हणजे असे कंटेनर अनेक सर्व्हरवर चालवणारे सॉफ्टवेअर, आणि क्लस्टर म्हणजे त्या सर्व्हरांचा समूह. ऐरोली-महापेच्या आयटी पार्कांत आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये हे रोजचे काम आहे. बोलीत ‘प्रॉडवर टाकणे’, म्हणजे ग्राहक वापरतात त्या प्रत्यक्ष यंत्रणेवर.

गूगलने कुबरनेटीस २०१४ मध्ये खुले केले, त्याची १.० आवृत्ती जुलै २०१५ मध्ये आली. गूगलची जीकेई ही व्यवस्थापित कुबरनेटीस सेवा त्याच वर्षीची. ॲमेझॉनची ईकेएस आणि मायक्रोसॉफ्टची एकेएस या तशाच सेवा २०१८ मध्ये सर्वांसाठी खुल्या झाल्या. ॲमेझॉनचा मुंबई रीजन (एका भागातल्या डेटा सेंटरांचा गट) २०१६ पासून आहे. त्याआधी त्यांचा सर्वांत जवळचा रीजन सिंगापूरला होता. पेमेंटची माहिती भारतातच साठवावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये काढला. त्यामुळे बँका आणि पेमेंट कंपन्यांची कामे करणाऱ्या इथल्या टीमना देशातलाच रीजन घ्यावा लागतो.

‘व्यवस्थापित’ हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. आज्ञा घेणारा एपीआय सर्व्हर, कोणते काम कोणत्या सर्व्हरवर चालवायचे ते ठरवणारा शेड्यूलर आणि क्लस्टरची नोंदवही असलेला एटसीडी हे क्लाउड कंपनी पाहते. इमेज (कंटेनर ज्यातून सुरू होतो तो साचा), मेमरीची मर्यादा आणि प्रोब (ॲप नीट चालू आहे का याची तपासणी) मात्र टीमचीच जबाबदारी. माझ्या मते बहुतेक बिघाड या दुसऱ्या भागातच होतात.

इमेज बांधून रजिस्ट्रीत (इमेजच्या कोठारात) ठेवायची आणि यामल फाइलमध्ये, म्हणजे क्लस्टरला काय चालवायचे ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, तिचा टॅग (आवृत्तीचे नाव) बदलून ती क्लस्टरला द्यायची, एवढीच मूळ कृती. टॅग ‘लेटेस्ट’ ठेवू नये. कोणती इमेज चालू आहे हेच मग कळत नाही. ॲपल चिपच्या लॅपटॉपवर बांधलेली आर्म प्रोसेसरची इमेज इंटेल नोडवर (क्लस्टरमधल्या इंटेल प्रोसेसरच्या सर्व्हरवर) सुरूच होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

यानंतर रोलिंग अपडेट सुरू होते: नवे पॉड (ॲपच्या चालू प्रती) उभे राहतील तसे जुने उतरतात. ॲप काम घ्यायला तयार आहे का हे पाहणारा रेडिनेस प्रोब नसेल तर कंटेनर सुरू होताच कुबरनेटीस पॉडला तयार समजते. ठाण्यातल्या एखाद्या पतपेढीचे हप्ते भरण्याचे जावा ॲप घ्या. डेटाबेसची जोडणी होण्याआधीच त्याच्याकडे ग्राहक पाठवले जातात, आणि तोवर जुने पॉड गेलेले असतात. महिन्याच्या पहिल्या तारखेला हप्ता भरणाऱ्याला एरर दिसते, डॅशबोर्डवर मात्र सगळे हिरवे. जाणाऱ्या पॉडचीही काळजी घ्यावी लागते. सिगटर्म, म्हणजे थांबण्याची सूचना, मिळाल्यावर हातातले काम संपवायला त्याला वेगळे न सांगितल्यास ३० सेकंद मिळतात. तेवढ्यात न आवरल्यास प्रोसेस मारली जाते. व्यवहार अर्धवट सुटतात ते इथेच.

‘रोलआउट अनडू’ या आज्ञेने मागची आवृत्ती परत आणता येते, पण डेटाबेसमधला बदल त्याने मागे जात नाही. म्हणून नवा कॉलम आधी जोडावा, मग कोड चढवावा, आणि जुना कॉलम पुढच्या एखाद्या रिलीजमध्ये, कोणतेही पॉड तो वाचत नाही याची खात्री झाल्यावरच काढावा.